अडीनडीची शेळी

पहिली-दुसरीच्या वर्गात पाळीव प्राण्यांचा तक्ता नाही अशी जिल्हा परिषदेची शाळा मी अजून पाहिलेली नाही. आमच्याही वर्गात तो आहे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय, तिच्याखाली 'दूध'. गुबगुबीत पांढरी मेंढी, तिच्याखाली 'लोकर'. कोंबडी – अंडी, बैल – शेती, कुत्रा – राखण. सगळी जनावरं गुडघाभर हिरव्या गवतात उभी. माझी शाळा माण तालुक्यातल्या एका वस्तीवर आहे. सह्याद्रीवर पाऊस कोसळून ढग रिकामे होतात, त्या सह्याद्रीच्या पलीकडे पसरलेला हा मुलूख. असं गवत इथे वर्षातून फार तर दोन महिने दिसतं, आणि जुन्या कळपातलं मेंढरू काळं असतं. दख्खनी मेंढरू. त्याची लोकर राठ, हाताला टोचणारी.

तक्ता खोटा आहे असं मी म्हणत नाही. ज्या मुलाने गाय पाहिलीच नाही, त्याला ती दाखवण्यापुरता तो ठीक आहे. पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या दारात दावण आहे आणि त्यांना जे ठाऊक आहे त्यातलं फार थोडं त्या कागदावर आहे. उरलेल्या निम्म्यांच्या घरी आता जनावर राहिलेलं नाही. ट्रॅक्टर आला, बैल गेले, भावाभावांत वाटण्या झाल्या, कडबा परवडेना. त्यामुळे एकाच सतरंजीवर दोन तऱ्हेची मुलं शेजारी शेजारी बसतात. एकाला शेळीचं पोट आणि कास बघून ती कधी व्यायची ते सांगता येतं, तर दुसऱ्याला शेळी कोणती आणि मेंढी कोणती ते विचारावं लागतं. पहिला बहुतेक वेळा वाचनात मागे असतो, दुसरा पुढे. या दोघांना एकमेकांकडून शिकता यावं म्हणून मी जे करत आले, ते लिहून ठेवावंसं वाटलं.

पहिली-दुसरीला परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक नसतं, ते तिसरीपासून येतं. मला ही सोयच वाटते. जनावरं मग भाषेच्या तासाला येतात, गणिताच्या तासाला येतात, आणि बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आठवड्यात तर सगळ्याच तासांना येतात.

मराठवाड्यात, विदर्भात श्रावण अमावास्येला पोळा होतो. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि तिथली लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. आमच्याकडे त्याआधीच, आषाढात, बेंदूर येतो आणि घरोघरी मातीचे बैल पुजले जातात. त्या आठवड्यात मी ओढ्याकाठची चिकण माती आणायला सांगते. वर्गात कुणालाही काही न सुचवता मुलं काय घडवतात ते बघत बसणं हा माझ्या वर्षातला सगळ्यात आवडता तास.

ज्याच्या घरी बैल नाही ते मूल आधी तोंड करतं. डोळ्यांना ज्वारीचे दाणे लावतं, ओठ हसरे करतं, मग मागे धड जोडतं. ज्याच्या दारात बैल आहे ते आधी मातीचा लांबट गोळा करतं आणि दोन बोटांच्या चिमटीत वर ओढून वशिंड काढतं. वशिंड झालं की त्याच्यासाठी तो बैल झाला. पाय आणि तोंड नंतर. शर्यतीचा खोंड सांभाळणाऱ्या घरातल्या एका मुलाने सगळा तास शिंगांवरच घालवला. खिलारची शिंगं मुळातून मागे जातात आणि मग टोकाला वर वळतात. ती वळणं मातीत टिकेनात, तर त्याने हिराच्या काड्या आत घालून वर माती लिंपली. मग माझ्याकडे दोरा मागितला. कशाला, तर वेसणीला. वर्षभर त्याच्या वहीत एकही ओळ सरळ आलेली नव्हती. त्या दिवशी त्याने बैलाच्या नाकातून सुईने दोरा ओवून, म्होरकी बांधून, कासरा लांब सोडला.

अशाच एका तासाला एका मुलीने मेंढी केली आणि तिच्या पोटाखाली मातीचे दोन टोकदार ठिपके लावले. शेजारची म्हणाली, चार पाहिजेत.

"मेंढीला दोनच असत्यात. शेरडालाबी दोनच. म्हशीला, गाईला चार."

वर्गात वाद झाला. मी निकाल दिला नाही. फळ्यावर चार नावं लिहिली आणि सांगितलं की घरी जाऊन मोजून या. घरी नसेल तर शेजारी जा, पण धन्याला विचारल्याशिवाय जनावराजवळ जायचं नाही आणि मागच्या बाजूने तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग आकडे घेऊन आला. गाय चार, म्हैस चार, शेळी दोन, मेंढी दोन. एकाने कुत्रीचेही मोजायचा प्रयत्न केला होता, पण तिने पिल्लांजवळ येऊ दिलं नाही. आम्ही तक्ता केला, बेरजा केल्या. दोन गाई आणि तीन शेळ्या असल्या तर सड किती? पहिलीच्या मुलांना इतक्या उत्साहाने बेरीज करताना मी क्वचितच पाहिलं आहे. मग कुणीतरी विचारलं, शेळीला तीन करडं झाली तर तिसऱ्याने प्यायचं कुठे?

मेंढी करणारी ती मुलगी लगेच म्हणाली, "मग त्याला बाटली लावायची."

तिच्या घरी एका करडाला बाटली लावलेली होती, आणि ती बाटली तीच धरत होती. शाळेच्या कुंपणाला लागूनच तिचं घर. आम्ही सगळे तिच्या अंगणात गेलो. तिने मोठी शेळी दोन गुडघ्यांत धरली, तोंडाच्या कडेने, जिथे दात नसतात तिथून, अंगठा आत घातला आणि खालचा ओठ खाली ओढला. पुढे दोन रुंद, पिवळसर दात आणि दोन्ही बाजूंना बारीक दुधाचे. "दोन दाती हाय. वरसाचं झालं म्हणायचं." मग वरचा ओठ उचलून दाखवला. वर पुढचा एकही दात नाही. नुसती घट्ट हिरडी. जनावर न पाळणाऱ्या घरातली मुलं घाबरीघुबरी झाली. शेळीचे दात पडले की काय?

पडले नव्हते, ते कधी नसतातच. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, या सगळ्यांना पुढचे दात फक्त खाली असतात, आठ. पाला खालचे दात आणि वरची हिरडी यांच्यात धरायचा आणि हिसका देऊन तोडायचा. चावायच्या दाढा मागे, वर-खाली दोन्हीकडे. पोटात चार कप्पे. घाईने गिळलेलं नंतर निवांत बसून परत तोंडात आणायचं, रवंथ करायचं. हे सगळं मी सांगितलं, पण मुलांनी ते ऐकलं शेळीच्या तोंडाकडे बघत आणि आपल्या वरच्या दातांवरून जीभ फिरवत. दुधाचे दात पडायच्या वयातली मुलं ती. ज्यांचे वरचे पुढचे दोन पडले होते त्यांना तर आपण शेळीच्या जातीचे झालो म्हणून फार आनंद झाला.

त्या मुलीला तोवर जोडाक्षरं येत नव्हती. वर्गात परत आल्यावर तिने सांगायचं आणि मी फळ्यावर लिहायचं असं ठरलं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेली. मग तिने ते वहीत उतरवलं आणि 'जुळलेली' वाचून दाखवलं. मी या गोष्टीला फार महत्त्व देते. वाचता न येणारं मूल वर्गात सगळ्यात शेवटी बसतं आणि तिथेच राहतं. त्याच्या डोक्यात शब्द भरपूर असतात, पण ते फळ्यावर येतील असं त्याला कुणी कधी दाखवलेलं नसतं.

आता उपयोगांबद्दल. शेळीचे उपयोग कोणते, असं मी दरवर्षी विचारते. दूध येतं, लेंडीखत येतं. कुणीतरी हळूच 'मटण' म्हणतं आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात. शाळेत असं बोलायचं नसतं, हे सहा वर्षांच्या मुलांना न सांगता समजलेलं असतं. बाटलीवरचं करडू सांभाळणारी मुलगी त्या वर्षी वेगळंच बोलली.

"अडीनडीला इकायला."

हा उपयोग मी कुठल्या तक्त्यावर पाहिलेला नाही, आणि कोरडवाहू मुलखातल्या गरीब घरात शेळीचा याहून मोठा उपयोग नाही. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत ती विते. बऱ्याचदा दोन करडं होतात, कधी तीन. वैरण विकत घ्यावी लागत नाही, बांधावरचा आणि बाभळीचा पाला चालतो. घरातली बाई आणि मुलं मिळून चार-पाच शेळ्या सांभाळू शकतात. आणि दवाखाना निघाला, बियाणं घ्यायचं झालं, लेकीला बोळवायचं झालं, की एक करडू बाजारात जातं. बहुतेक घरांत शेळीचा पैसा बाईच्या हातात येतो, हेही मी जवळून पाहिलं आहे. बँकेत जायला अख्खा दिवस मोडतो. शेळी दारात असते.

पुढे काही महिन्यांनी त्या मुलीचं बाटलीवर वाढवलेलं करडू, आता चांगला बोकड झालेलं, विकलं गेलं. ती दोन दिवस शाळेत गप्प होती. तिसऱ्या दिवशी गोष्टींच्या तासाला तिने आपणहून सांगितलं. व्यापारी आला, त्याने पाठीवर हात फिरवून बघितलं, बाबांच्या हातात पैसे दिले, टेम्पोत घातला. "आमच्या बोकडाचा आज्जीचा डोळा झाला, बाई." आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

अशा वेळी मोठी माणसं मुलांना काहीतरी गोड सांगून टाकतात. बोकड दुसऱ्या गावाला गेला, तिथे मजेत आहे, वगैरे. मी तसं करत नाही. मुलांना खरं ठाऊक असतं, आणि आपण खोटं सांगितलं की ती रडायची थांबत नाहीत, फक्त आपल्यासमोर रडायची थांबतात. तिला मी विचारलं, त्याला काय आवडायचं? शेंगांच्या टरफलांत तोंड घालायला आवडायचं, तिने सांगितलं. मग बाकीच्यांनीही आपापल्या घरून गेलेल्या जनावरांबद्दल सांगितलं. एकाच्या घरचा बोकड यात्रेला कापला गेला होता. एकाच्या घरी माळकरी आजोबा, मटण तर सोडाच, अंडंही उंबऱ्याच्या आत येत नाही. पण त्यांच्याही घरून करडं विकली जातात आणि ती कुठे जातात हे त्याला माहीत होतं. मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली: 'आमच्या घरी मटण करतात. आमच्या घरी मटण करत नाहीत.' ज्याचं जे असेल ते त्याने वहीत लिहिलं. एकाच्या ताटाची दुसऱ्याने किळस करायची नाही आणि कुणी आपल्या ताटाची लाज बाळगायची नाही, एवढं मी स्पष्ट सांगितलं. पालकांपैकी कुणीही त्याबद्दल तक्रार केली नाही.

म्हाताऱ्या बैलाचं काय होतं, हाही प्रश्न येतो. काही घरांत तो दावणीलाच मरतो आणि त्याला रानात पुरतात. हे मुलांनी पाहिलेलं असतं. काही घरांत तितकी ऐपत नसते. कडब्याच्या पेंढीचा भाव आणि बापाच्या तोंडावरची चिंता मुलं बघत असतात. त्यांनी सांगितलेलं मी ऐकून घेते, आणि त्यावर माझा निवाडा देत नाही.

मेंढीच्या पाठात एकदा वाड्यावरचा, म्हणजे धनगराच्या मेंढवाड्यावरचा मुलगा उठून म्हणाला, "लोकर कोण घेतंय, बाई? कातराय जास्ती पैशे जात्यात." खरं आहे. दख्खनी लोकरीला आता भाव नाही. पण अंगावर ठेवता येत नाही, म्हणून वर्षातून दोनदा मेंढरं कातरावी लागतात. कळपातून माडग्याळ जातीची मेंढरंही वाढली आहेत. जत तालुक्यातल्या माडग्याळची ही मेंढी उंच आणि पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची असते. लोकर नावापुरती, पण कोकरू वजनाला भरतं. मग मेंढरं कशाला पाळायची, असं मी त्यालाच विचारलं. त्याने सांगितलं की कोकरं विकायची, आणि मेंढरं रानात बसवायची.

बसवायची म्हणजे काय, हे ट्रॅक्टरवाल्या घरातल्या मुलांना त्याने समजावलं. संध्याकाळी शेतात वाघर लावायची, जाळीचं कुंपण. रात्रभर मेंढरं तिथे बसतात, लेंडी आणि मूत रानातच पडतं. सकाळी वाघर पुढे सरकवायची. शेतकरी त्याबद्दल पैसे देतो, कुठे धान्य देतो. एका मुलीला तेव्हा कळलं की गेल्या वर्षी त्यांच्या रानात चार रात्री मेंढरं बसली होती ती याच कारणासाठी. तिला वाटलं होतं, मेंढपाळांना झोपायला जागा नव्हती म्हणून वडिलांनी दिली. दोन घरांमधला एवढा जुना व्यवहार, आणि दोन्ही घरांतली मुलं एका वर्गात असून त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

त्या मुलाचे आजोबा एक दिवस घोंगडं घेऊन शाळेत आले. सनगरांनी मागावर विणलेलं, काळं, जड. ताण्याच्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात म्हणून ते इतकं कडक होतं, हे त्यांनी सांगितलं. मग त्यांनी एका मुलाची पाण्याची बाटली मागून घेतली आणि घोंगड्यावर पाणी ओतलं. पाणी आत जाईना. थेंब गोल होऊन वर बसले, आणि घोंगडं तिरपं केल्यावर घरंगळून गेले. लोकरीत मेणचट अंश असतो, त्यामुळे पाणी चटकन मुरत नाही. आजोबांनी घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घेतली आणि पावसात मेंढरांमागे कसं उभं राहायचं ते दाखवलं. मग प्रत्येक मुलाला खोळ घ्यायची होती. ती वर्गाच्या शेवटच्या मुलापर्यंत पोहोचेस्तोवर मधली सुट्टी संपली.

ही वाड्यावरची मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात, घोड्यांवर बिऱ्हाड, टोपलीत कोंबड्या, बरोबर कुत्री. आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. काही मुलं आजीआजोबांकडे मागे राहतात, काही जातात. हजेरीपत्रकातल्या त्या रिकाम्या ओळींकडे बघताना मला नेहमी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण येते. 1945 मध्ये बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना गुरं सोडायला लावली नाहीत. शाळाच गुरांच्या मागे कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलांचं लक्ष त्यांच्यावर आहे, आणि झाडाखाली शिकणंही चाललं आहे. डी.एड.ला असताना मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. वर्गात ही मुलं समोर बसल्यावर ते खऱ्या अर्थाने कळलं. गुरामागे जाणारं मूल शिकायचं थांबलेलं नसतं. शिकवणारं माणूस तिथे नसतं एवढंच. जाणाऱ्या मुलांना मी आता कोरी वही देते. मुक्काम कुठे पडला, किती मेंढरं व्याली, काय चारलं, ते येईल तसं लिहायचं, न आल्यास चित्र काढायचं. काही वह्या परत येतात, काही पावसात जातात. आलेल्या वह्या पुढच्या वर्षीच्या पहिलीला वाचायला मिळतात.

अंड्याचा एक प्रसंग सांगायला हवा. 2023 च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचा निर्णय झाला. न खाणाऱ्याला केळं. त्या दिवसांत एकाने विचारलं, हे अंडं न उकडता कोंबडीखाली ठेवलं तर पिल्लू निघेल का? अर्धा वर्ग हो म्हणाला. योगायोगाने एकाच्या घरची कोंबडी खुडूक बसलेली होती. घरच्या अंड्यांत दुकानातली दोन अंडी पेन्सिलीने खूण करून ठेवली. वर्गातल्या कालनिर्णयवर एकवीस दिवसांनंतरच्या तारखेला गोल केला आणि रोज एक दिवस खोडला. आठवडा झाल्यावर त्या मुलाच्या आईने अंधारात मोबाईलचा उजेड अंड्याला लावून बघितलं. घरच्या अंड्यांत लाल बारीक शिरांचं जाळं, दुकानातली दोन्ही स्वच्छ. मुलगा दुसऱ्या दिवशी ते जाळं फळ्यावर लाल खडूने काढून दाखवत होता. विसाव्या दिवशी तो धावत आला: अंड्यातून चिवचिव ऐकू येते! दुकानातल्या अंड्यांतून काही निघालं नाही. का, तर तिथे पिंजऱ्यात सगळ्या कोंबड्याच, कोंबडा नाही. कोंबड्याशिवाय अंडं होतं, पिल्लू होत नाही. पहिलीच्या मुलांना हे सांगताना मला काही अवघड गेलं नाही. अंगणात वाढलेल्या मुलांना ते अर्धं ठाऊकच होतं.

जनावर आपल्याला काय देतं हे जितकं शिकवतो, तितकंच त्याला काय लागतं हेही शिकवलं पाहिजे, यावर माझा जोर असतो. इथल्या मुलांना ते दुष्काळानेच शिकवलं आहे. 2019 च्या उन्हाळ्यात चारा छावण्या लागल्या तेव्हा कित्येक कुटुंबं जनावरांबरोबर छावणीतच राहायला गेली. हिरव्या नेटच्या सावलीत एकीकडे दावण, एकीकडे चूल. जूनमध्ये शाळेत आलेल्या मुलांना किलो म्हणजे काय हे शिकवावं लागलं नाही. वैरण काट्यावर मोजून मिळताना त्यांनी रोज पाहिली होती. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा चारा, उन्हाळ्यात पन्नास-साठ लिटर पाणी. आमच्या शाळेतली बादली दहा लिटरची. एका म्हशीला किती बादल्या? आणि तिला डुंबायला का लागतं? कातडी काळी, घाम कमी येतो, ऊन सोसत नाही. टँकरच्या पाण्यातलं एक पातेलं म्हशीच्या पाठीवर ओतायचं की घरात ठेवायचं, यावरून आपल्या घरी भांडण झालं होतं, असं एका मुलीने सांगितलं.

आणि 2022 मध्ये लम्पी आला. गाई-बैलांच्या अंगावर गाठी, पायाला सूज, ताप. गुरांचे बाजार बंद झाले. वर्गातल्या एकाची पाडी गेली. मुलं घाबरली होती, घरोघरी लोक दूध टाकून देत होते. लसीकरणाच्या दिवशी मी वर्ग चावडीपुढे नेला. लांब, दोरीच्या अलीकडे, मुलं रांगेत उभी होती. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी त्यांना बाटली दाखवली आणि सांगितलं की ही खरं तर शेळ्यांच्या देवीची लस आहे. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती गाईच्या कामाला येते. हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायचं. ते वाक्य मुलांनी घरी जाऊन सांगितलं आणि दोन-तीन घरांत दूध पुन्हा चुलीवर चढलं, हे मला आयांनी येऊन सांगितलं. गाईंच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी नंबर असतो. दुसरीच्या मुलांनी डॉक्टरांना ते अंक एकेक करून मोठ्याने वाचून दिले आणि त्यांनी ते नोंदवून घेतले. एवढे अंक सलग वाचायला मी वर्गात दिले असते तर कुणीही वाचले नसते.

तेव्हापासून डॉक्टर बोलावलं की शाळेत येतात. यंदा फेब्रुवारीत मुलांना शाळेत जंताच्या गोळ्या दिल्या, तेव्हा पहिलीतल्या एकीने विचारलं की शेरडांनाही जंत होतात, मग त्यांना गोळी का नाही? प्रश्न मी डॉक्टरांपर्यंत पोहोचवला. पुढच्या आठवड्यात ते शेळ्यांचं जंताचं औषध घेऊन आले. औषधाचं नाव दोन्हीकडे एकच, अल्बेंडाझोल. पण शेळीला ते पातळ करून, वजन बघून पाजतात. शेळीची बाटली माणसाने कधी तोंडाला लावायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं आणि मुलांकडून वदवून घेतलं. मग पाजायचं कसं, ते दाखवायला कोण येतं असं विचारलं. बोकडाची गोष्ट सांगणारी ती मुलगी आता चौथीत आहे. ती पुढे झाली. शेळी गुडघ्यांत धरली, सिरिंजचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून आत घातलं आणि हळूहळू दांडा दाबत वर न बघता बोलत राहिली, "मान लई वर न्हाय करायची. घोट गिळू द्यायचा. न्हायतर औषध छातीत जातंय." डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, फुप्फुसात जातं. पहिलीच्या मुलांना मी वह्या काढायला सांगितल्या, आणि तिला, आता तेच सावकाश परत सांग.